सत्तावीस संगीतकार, एक चेलो : अलिसा वायलरस्टाइन यांचा हंगाम

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात वादकाचा हंगाम साधारणपणे सप्टेंबरात सुरू होतो, जूनच्या आसपास संपतो आणि त्याची आखणी बरीच आधी झालेली असते. एखाद्या नामांकित चेलोवादकाच्या (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले, बसून गजाने वाजवायचे मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य) हंगामात काय असेल, हे बहुतेक वेळा पत्रक न उघडताही सांगता येते : ड्वोर्झाकचा कंचेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना), एल्गारचा कंचेर्टो, शोस्ताकोविचचा पहिला कंचेर्टो, चायकोव्स्कीची रोकोको व्हेरिएशन्स आणि अधूनमधून बाख. हे संगीत थोर आहे यात शंका नाही, पण वर्षानुवर्षे तेच ऐकणाऱ्या रसिकाला तिकिटाचे पैसे कशासाठी मोजायचे, असा प्रश्न पडू लागतो. अमेरिकी चेलोवादक अलिसा वायलरस्टाइन यांच्या 2024–25 च्या हंगामाने या प्रश्नाला एक ठोस उत्तर दिले. तीन वेगवेगळ्या संगीतकारांचे तीन नवे कंचेर्टो एकाच हंगामात प्रथमच वाजवायचे आणि शिवाय ‘फ्रॅगमेंट्स’ हा अनेक हंगाम चाललेला एकल प्रकल्पही पुढे न्यायचा, असे धाडस आज किती वादक करत असतील हे बोटांवर मोजता येईल. या रचना पुढच्या हंगामांत निरनिराळ्या शहरांत पुन्हा वाजत राहतील. त्यामुळे त्यांतले काय आवर्जून ऐकावे आणि कशावर पैसे खर्च करण्याआधी विचार करावा, याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

वायलरस्टाइन यांची ओळख थोडक्यात करून देतो. त्यांचा जन्म 1982 साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाला. वडील डोनाल्ड वायलरस्टाइन हे क्लीव्हलँड क्वार्टेट या चार वादकांच्या गटाचे संस्थापक व्हायोलिनवादक आणि आई व्हिव्हियन हॉर्निक वायलरस्टाइन पियानोवादक, त्यामुळे घरात संगीत होतेच. अलिसा अगदी लहान असताना कांजिण्यांनी आजारी पडली, तेव्हा आजीने न्याहारीच्या सीरियलच्या रिकाम्या खोक्यातून तिला खेळण्यातला चेलो करून दिला, ही कथा त्यांच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. पुढे त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेतली आणि 2011 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतील प्रतिष्ठेची शिष्यवृत्ती मिळाली. मला मात्र या सगळ्यापेक्षा 2012 साली डेका कंपनीने काढलेले त्यांचे ध्वनिमुद्रण अधिक बोलके वाटते. वाद्यवृंद-संचालक डॅनियल बारेनबॉइम आणि बर्लिनच्या श्टाट्सकापेल वाद्यवृंदासोबतच्या या तबकडीवर त्यांनी एल्गारच्या कंचेर्टोच्या शेजारी अमेरिकी संगीतकार एलियट कार्टर यांचा कंचेर्टो ठेवला होता. एल्गार ऐकण्यासाठी तबकडी घेणाऱ्या माणसाला कार्टर ऐकावाच लागावा, अशी ती मांडणी होती. कार्टर यांनी ही रचना ख्यातनाम चेलोवादक यो-यो मा यांच्यासाठी लिहिली आणि 2001 साली शिकागोमध्ये ती प्रथम वाजली. त्यानंतर दुसऱ्या पिढीतील एका वादकाने, खुद्द वृद्ध संगीतकाराचे मार्गदर्शन घेऊन, ती आपलीशी केली. नव्या रचनेच्या आयुष्यात हा दुसरा वादक फार महत्त्वाचा असतो.

‘फ्रॅगमेंट्स’ची कल्पना कागदावर वाचली तर साधी वाटते आणि थोडी संशयास्पदही. बाखने एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा स्वीट्समध्ये (स्वीट म्हणजे मुख्यतः नृत्यप्रकारांवर बेतलेल्या भागांची मालिका) प्रत्येकी सहा असे एकूण 36 भाग आहेत. वायलरस्टाइन यांनी 27 समकालीन संगीतकारांकडून एकल चेलोसाठी नव्या रचना लिहून घेतल्या. त्या रचनांचे भाग आणि बाखचे भाग एकमेकांत विणून, प्रत्येकी साधारण तासाभराचे सहा कार्यक्रम त्यांनी बांधले. दिग्दर्शन एल्काना पुलित्झर यांचे आणि मंचरचना व प्रकाशयोजना सेठ राइझर यांची. मध्यंतर नाही, भागांच्या मध्ये टाळ्या नाहीत, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काय वाजणार आहे, कोणत्या क्रमाने वाजणार आहे आणि ते कोणी लिहिले आहे, हे श्रोत्याला आधी सांगितले जात नाही. ती माहिती कार्यक्रम झाल्यावर मिळते. ज्यांच्याकडून रचना लिहून घेतल्या त्या संगीतकारांत जोन टॉवर, तानिया लेओन, ओस्वाल्दो गोलिहोव, कॅरोलाइन शॉ, मिसी मझोली, चेन यी, जेसी माँटगमरी, थॉमस लार्चर, अँडी अकिहो अशी अगदी भिन्न प्रकृतीची नावे आहेत. या प्रकल्पाचा पहिला प्रयोग जानेवारी 2023 मध्ये टोरोंटोच्या कर्नर हॉलमध्ये झाला.

या हॉलविषयी दोन वाक्ये लिहिली पाहिजेत, कारण एकट्या चेलोचा कार्यक्रम कुठे ऐकतो यावर अर्धा निकाल ठरतो. 2009 साली उघडलेल्या या सभागृहात 1135 आसने आहेत. रंगमंचावर ओक लाकडाच्या पिळदार पट्ट्यांचे छत लाटांसारखे पसरलेले आहे. चेलोची खालची ‘सी’ तार मोठ्या सभागृहात बहुधा धूसर होते आणि मागच्या रांगांत नुसती गुरगुर पोहोचते. इथे गजाचे केस तारेला भिडतानाचा पहिला खरखरीत क्षण आणि त्यानंतर उघडत जाणारा स्वर, हे दोन्ही वेगळे ऐकू येतात. वायलरस्टाइन यांची एक लकबही अशा जागी ठळक होते : मोठा स्वर घेण्याआधी त्या नाकाने श्वास ओढतात, आणि तो श्वास कानाला स्पष्ट कळतो. काहींना याचा त्रास होतो. मला होत नाही, कारण आपल्याकडे गवयाचा श्वास ऐकत ऐकतच आपण मोठे झालो आहोत.

पहिल्या कार्यक्रमाचा कणा बाखचा जी मेजरमधील पहिला स्वीट आहे, आणि त्यात जोन टॉवर, चेन यी, रेनाल्दो मोया, ॲलिसन लॉगिन्स-हल आणि गिली श्वार्झमन यांच्या नव्या रचना विणलेल्या आहेत. या स्वीटचा प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, पाश्चात्त्य संगीत कधीही न ऐकलेल्या माणसाच्याही कानावरून जाहिरातींतून आणि चित्रपटांतून गेलेला असतो. त्याच्या शेवटाकडे एक जागा येते. वरची मोकळी तार सतत वाजत ठेवून वादक शेजारच्या तारेवर बोटांनी स्वर चढवत नेतो, आणि एकच वाद्य दोन आवाजांत बोलू लागते. बहुतेक वादक ही जागा चढत्या आवाजाने जिंकायला जातात. वायलरस्टाइन यांनी मोकळी तार जवळजवळ स्थिर ठेवली आणि सगळी वाढ चढत्या स्वरांना दिली. त्यामुळे तंबोऱ्याच्या षड्जावर एखादी तान वर सरकत जावी तसा परिणाम झाला, आणि शेवटचा जी मेजरचा झंकार आला तेव्हा तो विजयापेक्षा सुटकेसारखा वाटला. हे वादन मला त्यांच्या 2020 साली पेंटाटोन कंपनीने काढलेल्या सहा स्वीट्सच्या ध्वनिमुद्रणापेक्षाही उजवे वाटले. त्या ध्वनिमुद्रणात कुठे कुठे लय इतकी खेचली आहे की नृत्यप्रकारावर बेतलेला भाग नाचायचेच विसरतो. प्रत्यक्ष मैफिलीत शेजारी नवे, खडबडीत संगीत असल्यामुळे असेल, पण बाख अधिक सरळ आणि पायांवर उभा राहिलेला होता.

आता न सांगितलेल्या कार्यक्रमपत्रिकेचा मुद्दा. आपल्याकडच्या श्रोत्याला यात नवल वाटणार नाही. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात बसलेल्या माणसाला गायक कोणता राग घेणार हे छापील कागदावरून कळत नाही. पहिल्या दोन-चार स्वरांवरून ओळखणे, शेजाऱ्याशी हळूच पैज लावणे आणि चुकल्यावर मान हलवणे हा ऐकण्याचाच भाग असतो. म्हणून ‘फ्रॅगमेंट्स’मध्ये कागद हातात नसल्याने पाश्चात्त्य श्रोते जसे अस्वस्थ झालेले दिसले, तसा मी झालो नाही. उलट पहिली वीस-पंचवीस मिनिटे फार आनंदाची गेली. बाखचा सराबांद, म्हणजे तीन मात्रांच्या चालीत दुसऱ्या मात्रेवर वजन टाकणारा संथ नाच, संपतो आणि त्याच स्वरातून एक अनोळखी आकृती निघते. क्षणभर वाटते की हा बाखच आहे, मग एक स्वर वाकडा पडतो आणि आपण तीनशे वर्षे पुढे आलो आहोत हे कळते. अशा सांध्यांवर या प्रकल्पाने खरोखर मेहनत घेतली आहे, आणि प्रकाशाचे रंग बदलण्याची वेळही सांध्यांशी जुळवलेली आहे.

पण मैफिलीतली पैज आणि ही पैज यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तिथेच माझी मुख्य तक्रार सुरू होते. मैफिलीत राग न सांगता सुरू झाला तरी श्रोत्याजवळ ओळखीचे व्याकरण असते. मारवा की पूरिया असा संभ्रम पडायला आधी मारवा आणि पूरिया माहीत असावे लागतात. इथे जे नवे वाजते ते जगात जवळजवळ कोणीच आधी ऐकलेले नाही. त्यामुळे ओळखण्याचा खेळ बाख आणि ‘बाख नसलेले’ एवढ्यावरच येऊन थांबतो. पाच जिवंत संगीतकारांचे पाच वेगळे स्वभाव श्रोत्याच्या मनात एकाच ‘बाख नसलेल्या’ ढिगाऱ्यात पडतात. त्यात भर म्हणजे नव्या रचनाही सलग वाजत नाहीत. त्यांचे भाग सुटे करून कार्यक्रमभर पसरलेले असतात. बाखचा स्वीट तोडला तरी बिघडत नाही, कारण तो घरी जाऊन सलग ऐकता येतो. ज्या रचनेचे सलग रूप अजून कोणी ऐकलेलेच नाही, तिचे तुकडे आधी ऐकवणे म्हणजे तिची ओळख होण्याआधीच तिला गर्दीत सोडून देणे होय. कार्यक्रमानंतर हाती आलेली यादी वाचताना कोणता तुकडा कोणाचा होता, हे जुळवण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. लॉगिन्स-हल यांच्या तालाच्या खटक्यांमुळे त्या ओळखू आल्या आणि चेन यी यांच्या स्वरांच्या घसरत्या वळणांमुळे त्याही. बाकीचे अंदाजच होते.

दिग्दर्शकीय भूमिका मला समजते. अपरिचित नाव वाचल्याबरोबर श्रोता कान बंद करतो आणि बाखचे नाव वाचल्याबरोबर सैल होऊन बसतो, हा अनुभव खोटा नाही. पण त्यावरचा उपाय म्हणून नाव काढून टाकणे मला अतिरेकी वाटते. एका तासात प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात, आणि तेवढ्या वेळात ज्याने आपल्यासाठी लिहिले त्याचे नाव श्रोत्याच्या तोंडी बसवणे ही लिहून घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे. पहिल्या दिवशी पत्रिका लपवा, दुसऱ्या दिवशी तोच कार्यक्रम पत्रिकेसह वाजवा, असे केले असते तर प्रयोगही झाला असता आणि संगीतकारांना न्यायही मिळाला असता.

नवी रचना लिहून घेणे ही गोष्ट पहिल्या प्रयोगाने पूर्ण होत नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा आज सगळ्यांच्या लाडक्या असलेल्या एल्गारच्या कंचेर्टोनेच दिला आहे. 27 ऑक्टोबर 1919 रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये तो प्रथम वाजला आणि अक्षरशः पडला. कार्यक्रमातील बाकीच्या रचना अल्बर्ट कोट्स यांच्याकडे होत्या. त्यांनी तालमीचा बहुतेक वेळ स्वतःच घेतला, आणि एल्गार यांना अपुऱ्या तालमीनिशी स्वतःची रचना संचालित करावी लागली. एकल वादक फेलिक्स साल्मंड यांचा त्यात काही दोष नव्हता. त्या दिवशी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या चेलोंच्या रांगेत जॉन बार्बिरोली नावाचा एक तरुण बसला होता. पुढे त्याने स्वतः हा कंचेर्टो एकल वादक म्हणून वाजवला, मग तो संचालक झाला, आणि 1965 साली त्याच वाद्यवृंदासोबत जॅकलिन दु प्रे यांच्या चेलोचे जे ध्वनिमुद्रण जगभर गेले त्याचे संचालन सर जॉन बार्बिरोली यांनी केले. पहिल्या प्रयोगाला अपयशी ठरलेली रचना पुढे दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या वादकाने उचलून धरली म्हणून टिकली.

आजच्या काळात ही दुसऱ्या प्रयोगाची तरतूद करारातच करून ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. तीन-चार संस्था मिळून एका रचनेचा खर्च उचलतात आणि प्रत्येकीला आपापल्या शहरात ती सादर करण्याचा हक्क मिळतो. खर्च वाटला जातो हा भाग आहेच, पण त्याहून मोठा फायदा असा की रचना एका रात्रीत मरत नाही. वायलरस्टाइन यांच्यासाठी जोन टॉवर यांनी लिहिलेला ‘अ न्यू डे’ हा कंचेर्टो याचे चांगले उदाहरण आहे. जुलै 2021 मध्ये कोलोरॅडो म्युझिक फेस्टिव्हलमध्ये तो प्रथम वाजला. त्याच्या निर्मितीत क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि वॉशिंग्टन येथील वाद्यवृंदही सहभागी होते. टॉवर यांचा जन्म 1938 चा. आपल्या 94 वर्षांच्या पतीसोबतचा प्रत्येक दिवस किती मोलाचा होत चालला आहे याची जाणीव ही रचना करताना होत होती, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. पहाट, ‘वर्किंग आउट’, बहुतांशी एकटेपण आणि रात्र असे चार भाग त्यात आहेत. तिसऱ्या भागात वाद्यवृंद बराच मागे सरकतो आणि चेलोला मोकळी जागा मिळते. टॉवर यांचे ‘फ्रॅगमेंट्स’मधले तुकडे मला आठवत नाहीत, पण या कंचेर्टोचा तिसरा भाग आठवतो. कारण तो सलग ऐकला आणि ऐकताना तो कोणाचा आहे हे मला माहीत होते.

2024–25 च्या तीन नव्या कंचेर्टोंपैकी मनावर ठसा उमटवला तो गाब्रिएला ओर्तीस यांच्या ‘झोनोत’ने. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात चुनखडीचे छत कोसळून तयार झालेल्या, आतून भूमिगत नद्यांनी जोडलेल्या नैसर्गिक विहिरी आहेत. माया लोकांच्या दृष्टीने या विहिरी पवित्र होत्या, आणि रचनेला नाव त्यांच्यावरूनच दिले आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने गुस्तावो दुदामेल यांच्या संचालनाखाली वॉल्ट डिझ्नी कॉन्सर्ट हॉलमध्ये ती प्रथम सादर केली आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नेली. ओर्तीस त्या हंगामात कार्नेगी हॉलच्या निवासी संगीतकार होत्या. त्यांचे आईवडील मेक्सिकोतील ‘लोस फोल्क्लोरिस्तास’ या लोकसंगीताच्या गटाचे संस्थापक सदस्य, त्यामुळे ताल त्यांना पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. चार भागांना उभा प्रकाश, जग्वारचा डोळा, जेड (हिरवा मौल्यवान दगड) आणि तोह पक्ष्याचे उड्डाण अशी नावे आहेत.

पहिल्या भागात विहिरीच्या तोंडातून सरळ खाली उतरणारा प्रकाश आहे आणि चेलोची सुरुवात वरच्या सप्तकातून होते. इतक्या वर चेलो व्हायोलिनसारखा गोड न राहता थोडा घुसमटलेला, माणसाच्या उंच आवाजासारखा वाटतो. ओर्तीस यांनी तो ताण टाळलेला नाही. वायलरस्टाइन यांचे खरे बळ अशाच ठिकाणी दिसते, कारण त्या सुरेलपणाला धक्का न लावता स्वर करकरीत ठेवू शकतात. दुसऱ्या भागात तालवाद्ये पुढे येतात आणि चेलोला जवळजवळ तालवाद्याचेच काम मिळते. गज तारेवर आपटतो, खालच्या तारांवर दबा धरून बसतो आणि मोठा वाद्यवृंद त्याच्याभोवती फिरतो. इथे एक उणीव जाणवते. वाद्यवृंद इतका रंगतो की काही जागी एकल वादक नुसता दिसतो, ऐकू येत नाही. चेलोचा आवाज वाद्यवृंदाच्या मध्यभागीच पडतो, त्यामुळे चेलोच्या कंचेर्टोचा हा जन्मजात धोका आहे. ड्वोर्झाकने तो ओळखून चेलो बोलत असताना वाद्यवृंद अत्यंत विरळ ठेवला. ओर्तीस यांनी दुसऱ्या आणि चौथ्या भागात हे पथ्य नेहमी पाळलेले नाही. ध्वनिमुद्रणात ध्वनितंत्रज्ञ तोल सावरून घेतात. सभागृहात ते शक्य नसते, म्हणून हा कंचेर्टो प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर तळमजल्यावरच्या मधल्या रांगा घ्याव्यात, कडेच्या सज्जातून तो अर्धाच मिळेल. तिसरा, संथ भाग मात्र निर्दोष आहे. पाण्याखालची शांतता दाखवायची म्हटले की आज अनेक संगीतकार एकच चकचकीत धुके पसरवून मोकळे होतात. इथे चेलोला खरीखुरी, लांब, ओळखता येईल अशी चाल दिली आहे, आणि ती घरी परतताना गुणगुणता येते. नव्या रचनेसाठी ही फार मोठी पावती समजावी.

राहिलेल्या दोन्हींविषयी थोडक्यात. ऑस्ट्रियाचे थॉमस लार्चर स्वतः उत्तम पियानोवादक आहेत, आणि जुन्या स्वरमेळांच्या आठवणी मोडतोड करून वापरण्यात त्यांचा हातखंडा आहे. ‘रिटर्निंग इंटू डार्कनेस’ हा त्यांचा कंचेर्टो न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडे गेला. ब्रिटिश संगीतकार रिचर्ड ब्लॅकफर्ड यांचा ‘द रिकव्हरी ऑफ पॅरडाइज’ प्रागच्या चेक फिलहार्मोनिककडे गेला. ब्लॅकफर्ड यांचे लेखन अधिक सुगम आहे, आणि नव्या संगीताची धास्ती वाटणाऱ्या माणसाने तिथून सुरुवात करावी. लार्चर यांना वेळ द्यावा लागतो. एकाच वर्षात इतक्या भिन्न वळणाच्या तीन रचना एका वादकाने बोटांत बसवणे हा केवळ तांत्रिक पराक्रम नाही. आपल्या आवडीचा एकच सुरक्षित संगीतकार धरून बसणाऱ्यांच्या तुलनेत ती एक भूमिकाच आहे.

ही भूमिका पुढे कुठे पोहोचेल, याचे मोजमाप माझ्या मते रशियन चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांच्याशी लावावे. शोस्ताकोविचने 1959 साली त्यांच्यासाठी पहिला कंचेर्टो लिहिला आणि रोस्त्रोपोविच यांनी तो चार दिवसांत पाठ केला, असे सांगतात. ब्रिटनचा चेलो सिंफनी, लुटोस्लाव्स्की आणि दुतिय्यो यांचे कंचेर्टो अशी विसाव्या शतकाची अर्धी चेलोसंपदा त्यांच्यामुळे जन्माला आली. यांपैकी कोणतीही रचना आज रोस्त्रोपोविच यांची म्हणून वाजत नाही. संगीत विद्यालयातला विशीतला विद्यार्थी शोस्ताकोविच वाजवतो तेव्हा ती त्याची असते. ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या हातातून रचना सुटते, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने जगात येते. आपल्याकडे हा प्रश्न ताजा आहे. मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेच्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने उस्ताद झाकिर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ हा कंचेर्टो लिहून घेतला. सप्टेंबर 2015 मध्ये मुंबईत तो प्रथम सादर झाला, आणि नंतर परदेश दौऱ्यांतही वाजला. डिसेंबर 2024 मध्ये झाकिरभाई गेले. आता तो तबला कोणी हाती घ्यावा आणि कोणत्या वाद्यवृंदाने पुढाकार घ्यावा, हे ठरवण्याची वेळ आली आहे. वायलरस्टाइन यांच्या सत्तावीस रचनाही कधीतरी याच वळणावर येतील. सुटे तुकडे म्हणून ऐकलेली रचना दुसरा वादक मागून घेईल का, याविषयी मला रास्त शंका आहे. ‘झोनोत’विषयी नाही.

मराठी श्रोत्याला चेलो अगदीच परका नाही. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासुदेव चक्रवर्ती मुळात चेलोवादक होते, आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या मधल्या संगीतातला तो खालचा, दाटलेला आवाज आपण नाव न विचारता वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. नॅन्सी लेश-कुलकर्णी यांनी उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकून चेलोवर ध्रुपद वाजवले. जानेवारी 2019 मध्ये यो-यो मा मुंबईत आले तेव्हा त्यांनी बाखचे सहाही स्वीट एका बैठकीत, मध्यंतराशिवाय वाजवले. दोन तासांहून अधिक चाललेली ती अखंड बैठक आणि ‘फ्रॅगमेंट्स’ हे एकाच संगीताकडे पाहण्याचे दोन टोकाचे मार्ग आहेत. माझा कल कुठे आहे हे वरच्या मजकुरावरून लक्षात आलेच असेल.

तरीही ‘फ्रॅगमेंट्स’चे तिकीट काढू नका, असे मी म्हणणार नाही. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या आणि पाश्चात्त्य संगीताच्या मैफिलीला कधी न गेलेल्या मराठी माणसासाठी हा सोपा प्रवेश आहे. एकच तास, एकच वाद्य, टाळी कधी वाजवायची याची भीती नाही, आणि बरोबर दहा-बारा वर्षांचे मूल असले तर प्रकाशाच्या बदलांमुळे तेही रमते. जाण्याआधी पहिला स्वीट दोन-तीनदा ऐकून जावे, म्हणजे किमान बाख हाताशी राहतो. फार पुढची रांग घेऊ नये, कारण मंचरचना थोड्या अंतरावरूनच नीट दिसते. जाणकाराने मात्र पैसे मर्यादित असतील तर कंचेर्टोच्या संध्याकाळी निवडाव्यात, आणि तिथेही मध्यंतरानंतरच्या ओळखीच्या सिंफनीच्या मोहाने उशिरा पोहोचू नये. नवी रचना हमखास पूर्वार्धातच ठेवलेली असते. भारतात बसून ऐकणाऱ्यांसाठी ‘झोनोत’चे ध्वनिमुद्रण 2025 साली ओर्तीस यांच्या ‘यांगा’ या संग्रहात प्रसिद्ध झाले आहे. ते चांगल्या हेडफोनवर, तिसऱ्या भागापासून सुरू करून ऐकावे आणि मग पहिल्याकडे परत यावे. एल्गार आणि कार्टर यांची 2012 ची तबकडी ऑनलाइन सेवांवर सहज मिळते. तीत कार्टर आधी ऐकण्याचा प्रयत्न करून पाहावा. आयोजकांनी पुढच्या कोणत्याही हंगामात ‘फ्रॅगमेंट्स’मधल्या पाच-सहा रचना बाखशिवाय, तुकडे न करता आणि संगीतकारांच्या नावांसकट एका संध्याकाळी ठेवल्या, तर त्या कार्यक्रमाचे तिकीट मी सर्वांत आधी काढीन.